गाव सोडण्यापूर्वीची सहल दर वेळी मोडते आहे. उरलेल्या दिवसांत काय करावे?

प्रश्न : संत्राबाग

आम्ही अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार तालुक्यातल्या एका गावात राहतो. यजमानांना चाकणच्या एका कारखान्यात नोकरी लागली असून ते मार्चमध्येच रुजू झाले आहेत. मुलांच्या परीक्षा होईपर्यंत मी मुलांसह येथे थांबले. आपल्याकडच्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, परंतु पुण्याकडच्या शाळा जूनच्या मध्यावरच सुरू होत असल्यामुळे आम्हाला मृग लागताच निघावे लागेल. सासू-सासरे गावीच राहणार आहेत. संत्र्याची बाग आणि थोडी कोरडवाहू शेती सोडून त्यांना येता येणार नाही, आणि त्यांची तशी इच्छाही नाही.

जाण्याआधी एखादा दिवस सगळ्यांनी मिळून घराबाहेर, मोकळ्यावर घालवावा, एवढीच सासूबाईंची इच्छा आहे. यजमान सुटी मिळेल तसे येतात आणि त्या दिवसांत बसेल असा बेत आम्ही एप्रिलपासून आखत आलो आहोत, पण एकही तडीस गेला नाही. चिखलदऱ्याला जायचे ठरले, तर आदल्या रात्रीच्या वादळात घाटात झाडे उन्मळून पडली आणि गाड्या धामणगाव गढीलाच थांबवण्यात आल्या. रस्ता मोकळा होण्याची वाट पाहता पाहता दुपार झाली, तेव्हा डब्यातील पुरी-भाजी गाडीतच खाऊन आम्ही परतलो.

त्यानंतर स्वतःच्याच बागेत रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, बेत केला. गोवऱ्या रचून झाल्या होत्या, कणीक मळून ठेवली होती, वांगी चिरून पाण्यात टाकली होती, आणि चारच्या सुमारास आभाळ भरून आले. गारा बोराएवढ्याच होत्या, परंतु पाऊस थांबला तेव्हा आंबिया बहाराची (उन्हाळ्यापूर्वी फुलणाऱ्या हंगामाची) लिंबाएवढी हिरवी फळे प्रत्येक झाडाखाली पसरलेली होती. सासरे बराच वेळ एका झाडाखालची फळे उचलून कोठे मार लागला आहे ते पाहत राहिले. पुढचे दिवस तलाठ्यांची वाट पाहण्यात आणि पंचनाम्यात गेले. सालबर्डीसाठी भाड्याने ठरवलेली गाडी ऐन दिवशी लग्नाच्या वऱ्हाडासाठी निघून गेली, त्यामुळे तो बेतही राहिला.

आता नवा बेत कानावर आला की धाकटी मुलगी म्हणते, “सांगू नको मम्मी, ठरवलं का मोडते.” हे ऐकून सासूबाईंचे डोळे भरून येतात. सासरे गारपिटीनंतर बाग सोडून कोठेही यायला तयार नाहीत, आणि त्यांच्याशिवाय सासूबाई निघणार नाहीत. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आहे. उरलेल्या दिवसांत एकदा तरी मोठी सहल करावी काय, करावी तर कोठे, की हा विचारच सोडून द्यावा? ज्यांनी असे गाव सोडले आहे किंवा ज्यांची मुले गेली आहेत, त्यांनी कृपया लिहावे.

सागवान

ताई, आपण ज्या महिन्यांत निघत आहात ते महिने विदर्भात सहलीसाठी वर्षातील सर्वांत बेभरवशाचे असतात, हे प्रथम ध्यानात घ्यावे. एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेल्या जमिनीवर दुपारनंतर ढग उभे राहतात आणि तासाभरात वादळ, वीज, कधी गारा पदरात टाकून मोकळे होतात. सकाळी आभाळ निरभ्र असले म्हणून संध्याकाळचा भरवसा धरता येत नाही. नोकरी आणि शाळा यांचे वेळापत्रक मात्र माणसाला नेमके याच दिवसांत गाव सोडायला लावते. त्यामुळे आपले बेत मोडले यात कोणाच्या नशिबाचा दोष नाही, हे आपल्या सासूबाईंना आणि मुलीला अवश्य सांगावे.

मेळघाटात माझे बरेच जाणे-येणे झाले आहे, त्यावरून चिखलदऱ्याबद्दल लिहितो. परतवाड्याहून धामणगाव गढीचा घाट बंद असला तरी घटांगकडूनही वर जाता येते. तो रस्ता लांबचा आहे, पण निघण्यापूर्वी त्याची चौकशी करून ठेवावी. उन्हाळ्यात तेथे भीमकुंडाचा धबधबा पाहायला मिळणार नाही, आणि पावसाळा लागला की धुके इतके दाटते की देवी पॉइंटवर उभे राहूनही दरी दिसत नाही. मे महिन्यात तेथे बघावा तो गाविलगड. 1803 च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीच्या फौजेने जो किल्ला घेतला तोच हा, आणि त्याच्या तटावरून खालचा वऱ्हाडचा सपाट मुलूख दूरवर दिसतो. तथापि, किल्ल्यात चालणे बरेच आहे आणि सावली थोडी आहे, म्हणून वयस्कर माणसांना तेथे नेण्याचा सल्ला मी देणार नाही.

ताडोब्याचे नाव कोणी काढले तर या वेळी नको म्हणावे. अंतर मोठे, सफारीचे आरक्षण आधी करावे लागते, मंगळवारी गाभा क्षेत्र बंद असते आणि दोन्ही वेळच्या फेऱ्यांसाठी उघड्या जिप्सीत कित्येक तास बसावे लागते. विश्रोळीच्या पूर्णा धरणावर पहाटे जाऊन सूर्य वर यायच्या आत परतणे आपल्याला जवळचे पडेल, मात्र मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. पाणी ओसरलेल्या काठाचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि पाय ठेवला की आत जातो. नावेत बसण्याचा मोहही टाळावा. 2021 च्या सप्टेंबरात वरुड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून अकरा माणसे गेली, ती गोष्ट आपल्या भागात अजून कोणी विसरलेले नाही.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. बागेत किंवा शेतात असताना गडगडाट ऐकू आला की झाडाखाली थांबू नये, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर निदान अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप फोनवर घेतले तर आसपासच्या विजेची सूचना मिळते.

पूर्णाकाठ

सागवान यांनी हवामानाचे योग्य सांगितले, परंतु ताईंनी रोडग्यांचा बेत सोडू नये असे मला मनापासून वाटते. आपल्या वऱ्हाडात चार माणसे मोकळ्यावर जमली की रोडगेच होतात. बहिरमच्या यात्रेत डिसेंबर-जानेवारीत लोक त्यासाठीच राहुट्या ठोकतात, आणि आपण तर त्या बहिरमच्याच तालुक्यातील आहात. प्रश्न फक्त वेळेचा आहे. दुपारी चूल मांडून संध्याकाळी जेवण्याची आपली रीत हिवाळ्याची आहे, ती मे महिन्यात चालणार नाही. गोवऱ्या पहाटे पाचलाच पेटवाव्यात. वारा पडलेला असतो, ऊन नसते, आणि या दिवसांतली वादळे बहुधा दुपारनंतर येतात. साडेआठ-नऊपर्यंत जेवण आटोपून सावलीला परतता येते. सकाळी रोडगे कोण खाते, असे कोणी म्हणेल, पण शेतावर पहाटेपासून खपलेल्या माणसाला नऊ वाजता भरपूर भूक लागते.

कणीक जाडसर दळलेल्या गव्हाची घ्यावी, तेलाचे मोहन सढळ घालावे, ओवा आणि मीठ टाकून घट्ट मळावी. पोळी लाटून तिला तेल लावून घड्या घालाव्यात आणि मग गोळा करावा, म्हणजे भाजल्यावर आत पदर सुटतात. रोडगे ज्वाळेवर टाकू नयेत. गोवऱ्यांची ज्वाळा पूर्ण बसून वर पांढरी राख धरली आणि आत लाल विस्तव राहिला की मगच ठेवावेत, फिरवत राहावेत, आणि शेवटी राखेने झाकून द्यावेत. तयार झाला की त्याला तडा जातो. फडक्यावर घोळून राख झटकावी, हाताने फोडून त्यात तूप सोडावे. मुलांना राख झटकण्याचे काम द्यावे, ते दुसऱ्या कोणाला करू देणार नाहीत.

बागेत या दिवसांत वाळलेले गवत फार असते. विस्तवासाठी नांगरलेली मोकळी जागा निवडावी, पाण्याच्या दोन बादल्या भरून जवळ ठेवाव्यात, आणि निघताना राख पाण्याने पुरती विझवावी. त्या पहाटे वारा सुटलाच, तर अंगणात गोठ्याच्या भिंतीच्या आडोशाला तेच रोडगे तितकेच चांगले होतात. ही दुसरी जागा आदल्या दिवशीच झाडून तयार ठेवावी, म्हणजे मुलीला बेत मोडला असे वाटणार नाही.

नवेगावकरीण

माझे माहेर गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या बाजूला आहे आणि लग्नानंतर मी नवी मुंबईत आले. निघण्यापूर्वी माझ्या घरच्यांनीही नवेगावबांधच्या तलावावर जाण्याचा मोठा बेत केला होता. सगळे नातेवाईक, दोन गाड्या, मोठमोठी पातेली अशी तयारी होती. ऐन वेळी काकांची प्रकृती बिघडली आणि बेत रद्द झाला. पुढे कित्येक वर्षे माझ्या आईने ती हळहळ मनात ठेवली, आणि मी फोन केला की ती हटकून त्या न झालेल्या सहलीचा विषय काढी. म्हणून आपला प्रश्न वाचून मला स्वस्थ बसवेना.

माझे मत थोडे वेगळे आहे. जाण्यापूर्वीच्या एका दिवसावर आपण सगळे सोपवतो. निरोप त्यातच घ्यायचा, नातेवाइकांना त्यातच भेटायचे, मुलांना गाव आठवणीत राहावे हेही त्यातच साधायचे, आणि म्हाताऱ्या माणसांच्या मनातली सल त्यानेच काढायची. इतके ओझे घेतलेला दिवस पार पडला तरी माणसे त्यात मोकळी नसतात, आणि मोडला तर सगळेच बुडाल्यासारखे वाटते. त्यापेक्षा निघण्यापूर्वीच पुढच्या येण्याची तारीख ठरवावी आणि ती सासूबाईंच्या हाती द्यावी. “येऊ सवडीने” असे सांगून गेलेली माणसे सवडीने येत नाहीत, हे मी माझ्यासकट अनेक घरांत पाहिले आहे. तारीख ठरली की तिच्याभोवती बाकीचे जमते.

आपल्या बाबतीत दिवाळी सोयीची दिसते. मुलांना सुटी असते, उन्हाचा जाच संपलेला असतो, आणि आंबिया बहाराची जी फळे गारांतून वाचली आहेत ती तेव्हा रंग धरू लागलेली असतील. चिखलदऱ्यालाही तेव्हा हिरवळ आणि पाणी दोन्ही असते. रेल्वेगाडीचे आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडते. पूर्वी ते एकशेवीस दिवस आधी होत असे, त्यामुळे पुष्कळांचा अजून गोंधळ होतो. दिवाळीत पुण्याहून विदर्भाकडे येणाऱ्या गाड्या पहिल्या काही मिनिटांतच भरतात, म्हणून तो दिवस दिनदर्शिकेवर आजच खूण करून ठेवावा.

बांधावरचा

सूनबाई, मी वयाने मोठा आहे म्हणून असे संबोधतो, राग मानू नये. माझा मुलगा आणि सून हैदराबादला असतात, आणि आम्ही दोघे यवतमाळ जिल्ह्यात शेतावर असतो. वर सर्वांनी चांगले लिहिले, पण आपल्या सासऱ्यांच्या बाजूने कोणी लिहिले नाही, ते मी लिहितो.

गारपीट झालेल्या शेतकऱ्याला सहलीला चला म्हटले की तो नाही म्हणतो, याचा अर्थ त्याला नातवंडांसोबत राहायचे नाही असा होत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर झाडाखालची फळे असतात. पुढे वखरणी आटोपायची असते, बियाण्याची सोय लावायची असते, उरलेल्या फळांना पाणी कमी पडू द्यायचे नसते. अशा वेळी त्याला गाडीत बसवून कोठे नेले तरी त्याचे मन तेथे लागत नाही, आणि तो घरच्यांवर चिडतो. आमच्या घरी हे झालेले आहे. मुलगा निघण्यापूर्वी त्याने मला माहूरला नेले. दर्शन चांगले झाले, परंतु परतीच्या वाटेवर आमच्यात शब्दाला शब्द वाढला, कारण मला घरी कापसाच्या रानात काम पडलेले होते आणि त्याला वाटत होते की मी त्याच्या जाण्याची पर्वा करत नाही.

म्हणून सांगतो, सासऱ्यांना सहलीत आणण्यापेक्षा सहलच त्यांच्या कामावर न्यावी. ते पहाटे बागेत जातात तेव्हा मुलांना त्यांच्यासोबत पाठवावे, आणि तुम्ही दोघी मागून चहा-भाकर घेऊन जावे. शेताची प्रत्येक पट्टी आणि बांध त्यांना दाखवू द्यावा. आपल्याकडे प्रत्येक तुकड्याला नाव असते. कोणाचे ‘नाल्याकाठचे’ असते, कोणाचे ‘बाभळीचे’, कोणाचे ‘बुवाचे वावर’. ही नावे सातबाऱ्यावर नसतात, तेथे फक्त गट नंबर असतो. ती फक्त घरच्या माणसांना ठाऊक असतात. कोणती विहीर कोणी खोदली, कोणत्या धुऱ्यावरून शेजाऱ्याशी वाद झाला आणि तो कसा मिटला, चिंच कोणी लावली, हे आजोबांनी नातवंडांना चालता चालता सांगावे. माझ्या नातवाला आमच्या वावरांची नावे येत नाहीत. तो आला की मी सांगतो, परंतु तो चार दिवसांत परत जातो आणि पुढच्या वर्षी मला पुन्हा सांगावी लागतात. तुमची मुले येथे वाढली आहेत, एकदा पायांनी चालून ऐकले तर त्यांच्या लक्षात राहील.

एखादे काम मुलांच्या हाती द्यावे. झाडाखाली पडलेली फळे वेचून एका जागी करणे, आळ्यातले गवत काढणे, ठिबकची तोटी तुंबली असेल तर ती उघडून धुणे, अशी कामे मुलांना जमतात. ऊन चढण्यापूर्वी हे सगळे होते. वादळ आले तर घर जवळच आहे. आणि काही कारणाने एक सकाळ चुकली, तर दुसऱ्या दिवशी बाग तेथेच आहे, सासरेही तेथेच आहेत.

सागवान

बांधावरचे काका, आपण लिहिलेले सर्वांत उपयोगाचे आहे. चिखलदरा आणि धरण मी सुचवले खरे, तथापि सासऱ्यांच्या मनाचा विचार करता ताईंनी आपलाच सल्ला आधी घ्यावा, असे मला आता वाटते. फक्त पडलेली फळे वेचताना मुलांना पायात बूट घालावेत आणि हात घालण्यापूर्वी काडीने पाला हलवून घ्यावा. ओलसर आळ्यांत या दिवसांत विंचू आणि साप थंडाव्याला येतात.

संत्राबाग

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काकांचे उत्तर मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. सासरे ओट्यावर बसून ऐकत होते. काही बोलले नाहीत, पण रात्री जेवताना मुलांना म्हणाले, “सकाळी पाचले उठान का?”

मुले उठली. आजोबांनी त्यांना बागेच्या वरच्या टोकापासून सुरुवात करून ओढ्यापर्यंत नेले, आणि मला लग्नाला इतकी वर्षे होऊनही ठाऊक नसलेली नावे मी त्या सकाळी ऐकली. आमच्या एका पट्टीला ‘सोनाबाईचे’ म्हणतात. माझ्या आजेसासूबाईंच्या नणंदेला ती पट्टी माहेरची चोळी-बांगडी म्हणून देऊ केली होती आणि तिने ती भावाला परत केली, अशी तिची हकिकत आहे. मुलाने वहीत शेताचा नकाशा काढला आहे आणि त्यात नावे भरणे रोज चालू आहे. गारांचा मार लागलेली फळे वेचताना सासऱ्यांनी मुलीला कोणते फळ झाडावर टिकेल आणि कोणते गळेल हे देठाजवळ बोट लावून ओळखायला शिकवले. आता ती रोज सकाळी त्यांच्याआधी तयार असते, आणि उद्या काय करायचे हे तीच ठरवते.

रोडगेही झाले. यजमान शनिवारी रात्री आले होते. पहाटे वारा सुटला, म्हणून पूर्णाकाठ यांनी सुचवल्याप्रमाणे गोठ्याच्या भिंतीआड विस्तव केला. सासूबाईंनी शेजारच्या दोन घरांनाही बोलावले आणि माणसे वाढल्यामुळे वरणात पाणी वाढवावे लागले. जेवणे होईपर्यंत दहा वाजून गेले, ऊन अंगणात आले होते, तरी कोणी उठत नव्हते.

दिवाळीची तारीख सासूबाईंना सांगितली आहे. आता शंका एवढीच आहे की, अमरावतीपर्यंत थेट गाडीचे आरक्षण मिळाले नाही तर बडनेऱ्यापर्यंतचे घ्यावे काय, आणि परतीचे तिकीट केव्हा काढावे?

नवेगावकरीण

वाचून फार आनंद झाला. बडनेऱ्याचे अवश्य घ्यावे. मुंबई-नागपूर मार्गावरचे ते मोठे स्थानक असल्याने तेथे थांबणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत, आणि तेथून अमरावती अगदी जवळ आहे. पुढे चांदूर बाजारपर्यंत एसटीने येता येते, महिलांना तिकीट निम्मे पडते. साठ दिवसांची मोजणी प्रवासाचा दिवस सोडून करतात. आरक्षण सकाळी आठला उघडते, त्यामुळे प्रवाशांची नावे आणि वये आदल्या रात्रीच भरून ठेवावीत. परतीचा प्रवास काही दिवसांनी असल्यामुळे त्याचे आरक्षण तितक्याच दिवसांनी उघडेल, तो दिवस वेगळा लिहून ठेवावा. भाऊबीजेनंतर पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना येतानापेक्षाही अधिक गर्दी असते.